राहुकाळातलं बारसं

॥ काही नाही ॥
डोंबिवली (पूर्व),
६ ऑगस्ट २०२५

ती. रंभाताईस,
साष्टांग वगैरे सोडून उरलेला नमस्कार.

वर ‘श्री’ नाही हे बघून पत्र आधी देव्हाऱ्यात ठेवू नकोस, वाच. फोन करत नाही, कारण आपलं ठरलंय. नऊ वर्षांपूर्वी भाऊजींच्या तेराव्याला मी गुरुजींशी वाद घातला, आणि त्यानंतर आपण सख्खी भावंडं फोनवर तीन मिनिटांच्या वर माणसासारखी बोललेलो नाही. पत्रात निदान मला वाक्य पूर्ण करता येतं. शिवाय डोंबिवलीहून टिटवाळ्याला पत्र पोचायला चार दिवस लागतात, तेवढ्यात राग शिळा होतो.

बातमी अशी की मी मंडळ काढलं आहे. ‘निरीश्वर परिवार’. तू म्हणशील, नास्तिकाला मंडळ कशाला लागतं? मीही आजवर हेच म्हणत आलो. पण मे महिन्यात कंपनीच्या लॅबमधून रिटायर झालो आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की आमच्या बिल्डिंगमध्ये मला कुणी कशाला बोलावतच नाही. सत्यनारायण, वास्तुशांत, मुंज, सगळीकडे रचना एकटी जाते आणि येताना डब्यातून शिरा आणते. मी तो रव्याचा पदार्थ म्हणून खातो. तीस वर्षं मी प्रत्येक पूजेत जाऊन शंका विचारल्या. लोकांनी उत्तरं दिली नाहीत, आमंत्रणं बंद केली. देव नसला तरी चालतं गं ताई. शेजारी नसले की संध्याकाळ सरत नाही.

आता मुद्दा. आपली ऐश्वर्या बाळाला घेऊन ठाण्याहून आली होती. तिच्या सासूबाईंना बारसं टिटवाळ्याला देवळाजवळ करायचं आहे. ऐश्वर्या म्हणाली, “बाबा, तुला तुझ्या पद्धतीनं करायचं असेल तर कर, मला आवडेल. पण रिकाम्या हॉलमध्ये सहा म्हातारे भाषण करतायत आणि माझी मुलगी रडतेय, असलं नको. पाळणा पाहिजे, गाणी पाहिजेत, हसणारी पन्नास माणसं पाहिजेत. सप्टेंबरपर्यंत जमव. नाही जमली तर आम्ही चाललो टिटवाळ्याला.”

ताई, ही माझी एकुलती एक नात आहे. तिचं नाव माझ्या माणसांत ठेवलेलं मला बघायचं आहे. अडचण एवढीच, की माझी माणसं नाहीत.

तेव्हा दोन विनंत्या. एक, तिकडे देवळाजवळचा हॉल तू परस्पर बघून ठेवू नकोस. दोन, बारशात नक्की काय करतात ते कळव. मला खरंच माहीत नाही. पुरुषांना बाहेर बसवून पेपर देतात.

तुझा,
शिवराम


॥ श्री ॥ (तुझ्या वाटणीचाही मीच घातलाय.)
टिटवाळा,
१२ ऑगस्ट

चि. शिवराम यास अनेक आशीर्वाद.

हॉल बघून ठेवला होता. सोडला.

शिवराम देवळेकर! नावात दोन देव आणि आडनावात अख्खं देऊळ. तू निरीश्वर मंडळाचा अध्यक्ष कसा झालास रे? तुला सभासदांनी आत तरी कसं घेतलं?

बारसं सांगते, लिहून घे. पाळणा सजवायचा. त्यात आधी बाळ घालत नाहीत, वरवंटा घालतात. हसू नकोस. वरवंट्याला अंगडं-टोपडं घालायचं, काजळाची तीट लावायची, आणि दोन बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून त्याला वरून-खालून इकडून तिकडे देतात, ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत. मग तसंच बाळाला. मग बाळाची आत्या, म्हणजे आपल्या जावयाची बहीण शिवानी, बाळाच्या कानात नाव सांगून ‘कुर्रर्र’ करते, आणि तिनं ‘कुर्र’ केलं रे केलं की मागच्या सगळ्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. का, ते विचारू नकोस. मजा येते म्हणून. मग पाळणा म्हणतात, घुगऱ्या वाटतात.

ह्यात देवाचं काम फार थोडं आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल. गोविंद आणि गोपाळ, दोघंच. बाकी सगळं बायकाच करतात. तुमच्या मंडळात बायका किती?

रंभाताई


॥ काही नाही ॥
डोंबिवली,
१९ ऑगस्ट

ती. ताईस,

मंडळात बायका चार. त्यातल्या तिघी नवऱ्यांवर लक्ष ठेवायला येतात.

पण व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही एक्केचाळीस जण झालो आहोत! रविवारी आमच्याकडे पहिली सभा झाली. चौदा जण आले. दोन माणसं तुला सांगायलाच हवीत. एक देवेश टिल्लू, कल्याणचा, आयटीत आहे, वय चौतीस. अतिशय कडक. वाढदिवसाला ‘शुभेच्छा’ म्हणू देत नाही, ‘शुभ’ असं काही नसतं म्हणतो. ‘इच्छा’ एवढंच म्हणायचं. दुसरे महेंद्र तांबे, पूर्वी बँकेत होते, माझे चहाचे सोबती. हे बौद्ध कुटुंबातले, त्यामुळे भटजीशिवाय सगळं कसं करायचं ते ह्यांना पिढीजात माहीत.

तुझं पत्र मी सभेत वाचून दाखवलं. वरवंट्यावर दीड तास चर्चा झाली. दगडाला टोपडं घालणं म्हणजे मूर्तिपूजा का? देवेश म्हणाला, सरळसरळ आहे. शेवटी वरवंट्याऐवजी एक किलोचं प्रमाणित वजन वापरायचं ठरलं, सरकारी शिक्क्याचं.

‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’च्या जागी आधी शास्त्रज्ञांची नावं सुचली. पण तपासायला बसलो तर निम्मेअधिक शास्त्रज्ञ देव मानणारे निघाले. मग मी मूलद्रव्यं सुचवली. हायड्रोजन घ्या, हेलियम घ्या. मूलद्रव्यांनी अजून कुठल्याही देवावर श्रद्धा जाहीर केलेली नाही. एकमतानं मंजूर. घुगऱ्या डाव्या हातात द्यायच्या, म्हणजे प्रसाद वाटणार नाही. सुरुवातीला संविधानातलं वैज्ञानिक दृष्टिकोनाचं कलम म्हणायचं, चालीवर.

आता तारीख. देवेशचं म्हणणं, आपण शुभ दिवस मानत नाही हे जगाला दिसलं पाहिजे, म्हणून सगळ्यांत अशुभ दिवस घ्यायचा. पटलं मला. पण अशुभ दिवस कळणार कसा? त्यासाठी पंचांग आणावं लागलं. मीच आणलं, स्टेशनजवळून, कागदात गुंडाळून. ताई, काय दिवस सापडलाय! रविवार, २१ सप्टेंबर. पितृपक्ष, त्यात सर्वपित्री अमावास्या, त्यात त्याच तारखेला सूर्यग्रहण! ग्रहण आपल्याकडून दिसत नाही ह्याचं देवेशला फार वाईट वाटलं. वेळ दुपारी साडेचार ते सहा. रविवारचा राहुकाळ. मानपाड्याकडचा हॉल चटकन मिळाला, त्या दिवशी दुसरं कोण घेणार?

एक गालबोट (हा शब्द मंडळात चालत नाही). महेंद्र म्हणाले, आमच्या वस्तीतल्या बायका येतील, छान पाळणे म्हणतात, आधी बुद्धवंदना घेतील, मग नाव ठेवू. देवेश उठला, “वंदना म्हणजे धार्मिक विधी झाला.” महेंद्र म्हणाले, “आमच्या घरात भटजीविना बारसं होऊन तीन पिढ्या झाल्या. तुम्ही आत्ता कुठे कमिटी बसवून पाणी कसं उकळायचं ते ठरवताय. चालू द्या.” आणि चहा अर्धा ठेवून गेले. मी अध्यक्ष म्हणून तटस्थ राहिलो.

शिवराम


॥ श्री ॥
टिटवाळा,
२५ ऑगस्ट

चि. शिवराम यास आशीर्वाद.

आईच्या पाठीमागे आपल्या घराण्यात पंचांग कुणी आणलं नव्हतं. तू आणलंस. तेही कागदात गुंडाळून, लोक दारू आणतात तसं.

अरे, मी देवभोळी बाई, मला आज तिथी कुठली ते विचारलंस तर सांगता येणार नाही. मागच्या पितृपक्षात मी फ्रिज घेतला, सेल होता. चांगला चाललाय. राहुकाळ तर मला वाटायचं गाडीचं टाइमटेबल असतं.

महेंद्र चहा अर्धा ठेवून गेले आणि तू तटस्थ? घरी आलेला माणूस अर्ध्या कपावर उठून गेला की यजमान तटस्थ नसतो, बावळट असतो. जाऊन माफी माग.

परवा चतुर्थी. मोदक पाठवत नाही. खायचे असतील तर येऊन खा, तांदळाच्या पिठीचा गरम पदार्थ म्हणून.

रंभाताई


॥ काही नाही ॥
डोंबिवली,
३ सप्टेंबर

ती. ताईस,

येता आलं नाही. ३१ तारखेला महत्त्वाची सभा लावली होती. कोरम झाला नाही. एक्केचाळीस नास्तिकांपैकी सव्वीस गणपतीला गावी गेले. कारणं अशी: ‘आईसाठी’ अकरा जण, ‘बायकोसाठी’ आठ, ‘लहान मुलांना आवडतं’ पाच, ‘डेकोरेशन मीच करतो’ एक, आणि एकानं सरळ लिहिलं, ‘भजनात पेटी वाजवायला मी नसलो तर काका बेसूर वाजवतात’. देवेशनं सव्वीसच्या सव्वीस जणांना ग्रुपवरून काढलं. उरलेल्या पंधरांतून नऊ जण ‘हे अती झालं’ म्हणून आपणहून गेले. दोघांनी वेगळा ग्रुप काढला, ‘मूळ निरीश्वर परिवार’. ते आम्हांला मवाळ म्हणतात.

आम्ही चार उरलो. मी, देवेश, आणि एक जोडपं, त्यांचा फोन बंद असतो.

ऐश्वर्याचा फोन आला होता. “बाबा, किती झाले?” मी म्हटलं, आकडा बदलतोय.

घरी मात्र हल्ली बरीच वर्दळ असते. बिल्डिंगमधले लोक येतात, बसतात, चहा घेतात. त्यांना खगोलशास्त्रात रस वाटू लागला आहे. बरं वाटतं.

महेंद्रकडे जायचं राहिलं. वेळ मिळत नाही.

शिवराम


॥ श्री ॥
टिटवाळा,
८ सप्टेंबर

चि. शिवराम, आशीर्वाद. आणि नमस्कारसुद्धा, कारण तो आता करावा लागेल.

आमच्या भजनी मंडळातल्या गंगुबाईंच्या भाच्याला शीळफाट्याला गाळा घ्यायचा आहे. मुहूर्तासाठी कुणाकडे जायचं विचारलं तर त्याला तिकडच्या लोकांनी सांगितलं, “डोंबिवलीला देवळेकर गुरुजी आहेत. फार कडक माणूस. दक्षिणा घेत नाहीत. वर तोंडावर सांगतात की देव नाही. पण वेळ सांगितली की सांगितली.”

मी म्हटलं, देवळेकर पुष्कळ असतील. तो म्हणाला, “जाड भिंग, हातात पट्टी टेस्ट ट्यूबसारखी धरून पंचांग वाचतात, आणि प्रत्येकाला आधी पृथ्वी सूर्याभोवती फिरते ते समजावतात.”

खगोलशास्त्र काय रे?

रंभाताई


॥ काही नाही ॥
डोंबिवली,
११ सप्टेंबर

ती. ताईस,

तुझं हे पत्र तिसऱ्याच दिवशी पोचलं. टपालखात्यालाही मजा येत असावी.

सगळं सांगतो. सुरुवात आमच्या सोसायटीचे चेअरमन नाथा भोईर ह्यांच्यापासून झाली. मी गॅलरीत पंचांग उघडून २१ तारखेचा राहुकाळ तपासत होतो. नाथाशेठ खालून ओरडले, “देवळेकर, तुमी आनि पंचांग? बरं झालं, सुधारले. मंगळवारी बोअरवेलवाला येतोय, कवा लावू त्याला?” मी म्हटलं, “हे बघा, मी हे मानत नाही. पण तुम्ही मानत असाल तर ह्यात मंगळवारचा राहुकाळ तीन ते साडेचार दिलाय.” ते म्हणाले, “मग सकाळी लावतो.” सकाळी लावली. पाणी लागलं. लागणारच, खाडीचा भाग आहे, मी त्यांना भूजलाची पातळी समजावली. ते हात जोडून म्हणाले, “तुमी काय पन बोला, पानी लागलं ना!”

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या आल्या. मग शेजारची विंग. मी प्रत्येकाला बजावतो की हे शास्त्र नाही. ते म्हणतात, गुरुजी साधे आहेत. ताई, खोटं कशाला बोलू? तीस वर्षांत माझ्या दारात पहिल्यांदा चपला साठल्या. मी चुकीचं काही सांगत नव्हतो, पुस्तकात होतं तेच वाचत होतो. त्यांना कुठे कळतं, मी वाईट वेळा पाठ करतोय त्या मंडळासाठी!

आणि मग वाटलं, अरे, ही तर आयती माणसं आहेत. पन्नास कसली, साठ होतील. मी काल नाथाशेठच्या घरी गेलो, पत्रिका दिली. २१ सप्टेंबर, साडेचार. त्यांनी पत्रिका वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचली. म्हणाले, “गुरुजी, सर्वपित्री?” मी म्हटलं, “हो.” “राहुकालात?” “हो.” “तुमीच सांगितलं ना, ह्या टायमात उंबऱ्याबाहेर पाय नको?” मी म्हटलं, “मी नाही, पुस्तकात...” ते म्हणाले, “परीक्षा बघताय आमची. नाय येनार. तुमचा शब्द मोडनार नाय.”

चौतीस घरं फिरलो. चौतीस घरांत हेच. माझ्यावर एवढा विश्वास आजवर कुणी ठेवला नव्हता.

तारीख बदलावी म्हटलं तर देवेश म्हणतो, शुभ दिवस घेतला तर तो राजीनामा देणार. मग मी आणि ते फोन बंद असलेलं जोडपं, असे तिघंच. ऐश्वर्याला अजून सांगितलेलं नाही. तिनं पोरीसाठी झबलं शिवून घेतलंय. तुझा तो टिटवाळ्याचा हॉल अजून मिळेल का, विचारून ठेव. मला हरायची सवय आहे, पण हे हरणं गिळवत नाही.

शिवराम


॥ श्री ॥
टिटवाळा,
१५ सप्टेंबर

शिवराम,

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही, उशीर होईल. गंगुबाईंच्या भाच्याबरोबर देते आहे. तो तुझ्याकडे गाळ्याची वेळ विचारायला येतोच आहे. त्याला चांगली सांग.

रडू नकोस आणि हॉल सोडू नकोस. आमचं भजनी मंडळ अकरा जणींचं आहे. पितृपक्षात आम्हांला कुणी बोलावत नाही, आम्ही रिकाम्याच. टेम्पो ठरवला आहे. अकराही येतो. तुमच्या नियमाप्रमाणे दीड तास देवाचं नाव घेणार नाही. गंगुबाईंना सवय नाही, त्या शिंकल्या तरी ‘विठ्ठल’ म्हणतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष कर. ती मूलद्रव्यांची यादी भाच्याबरोबर परत पाठव, मोठ्या अक्षरांत. चाल आम्ही लावू.

तू एक काम कर. आजच्या आज महेंद्रकडे जा. अध्यक्ष म्हणून नाही, पाय धरायला. पाय धरणं धार्मिक असेल तर कान धर.

टिटवाळ्याच्या हॉलचं मी काही विचारणार नाही.

रंभाताई


॥ काही नाही ॥
डोंबिवली,
२३ सप्टेंबर

ती. ताईस,

तू रविवारी पूर्ण वेळ पाळण्यापाशी होतीस. दाराकडे काय चाललं होतं ते तुला कळलं नाही, म्हणून लिहितो.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी महेंद्रकडे गेलो होतो. कान धरले. ते म्हणाले, “ते राहू दे. पाळणा कुठून आणणार आहात?” आम्ही सोळा ठराव केले होते ताई, पण पाळण्याचा विचार कुणी केला नव्हता. तू बघितलास तो पाळणा त्यांच्या आईचा. वंदना त्यांनी येताना घरीच घेतली. “तुमच्या टिल्लूला त्रास नको,” म्हणाले.

साडेचारला हॉलमध्ये होते कोण? मी, रचना, देवेश, ठाण्याची सगळी मंडळी, आणि पन्नास खुर्च्या. विहीणबाई पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या, अमावास्या पर्समध्ये शिरेल अशा. ऐश्वर्यानं खुर्च्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ती बाळाचं टोपडं सारखं करत बसली. तेवढ्यात तुमचा टेम्पो आला, पाठोपाठ महेंद्रकडची एकोणीस माणसं, आणि पुढचं तुला माहीत आहे. ‘हायड्रोजन घ्या, हेलियम घ्या’ इतकं गोड लागेल असं मला लॅबमध्ये पस्तीस वर्षांत वाटलं नव्हतं. ‘ॲल्युमिनियम घ्या’वर गंगुबाई म्हणाल्या, “भांडी पुरे, आता बाळ घ्या,” तेव्हा विहीणबाईंची पर्स पहिल्यांदा मांडीवरून खाली पडली. हसताना.

आता दाराकडचं. पाच वाजता मी पाणी आणायला बाहेर आलो तर फुटपाथवर नाथाशेठ. मागे आमची अख्खी बिल्डिंग. रेशमी झब्बे, नऊवाऱ्या, हातात भेटी. मी म्हटलं, “नाथाशेठ, आत या!” ते म्हणाले, “सा वाजूं द्या, गुरुजी. तुमचा कार्यक्रम चुकवनार नाय, आनि तुमचा शब्द पन मोडनार नाय.” तासभर उभे होते गं सगळे उन्हात. आतून गाणं ऐकू आलं की डोलायचे, मग घड्याळ बघायचे.

मी आत येऊन ऐश्वर्याला सांगितलं. ती म्हणाली, “मग नाव ते आत आल्यावर ठेवू. थांबू सहापर्यंत.” देवेश पांढरा पडला. “सर, सहानंतर राहुकाळ संपतो! मग आपण शुभ वेळेला नाव ठेवलं असं होईल. सगळं तत्त्वच गेलं!”

खरं सांगतो, क्षणभर मलाही तसंच वाटलं. महिनाभर ती वेळ जपली होती मी, एखाद्या भटजीसारखी. मग फुटपाथवरच्या त्या माणसांकडे बघितलं. देवेशला म्हटलं, “मनगटावरचं घड्याळ काढ, खिशात ठेव, आणि खुर्च्या लाव. कमी पडणार आहेत.”

त्यानं लावल्या. आणि शिवानीनं ‘कुर्रर्र’ केलं तेव्हा तो तिच्या शेजारीच उभा राहिल्यानं निम्मे बुक्के त्याला बसले, हे मात्र तू बघितलंस. त्यातले चार गंगुबाईंचे. तो आजही पाठ चोळत विचारतोय, पुढचा कार्यक्रम कधी.

जुई. चांगलं नाव आहे. फूल देवाला वाहतात, पण त्यात फुलाचा काय दोष?

ऐश्वर्या निघताना म्हणाली, “बाबा, ब्याण्णव होते. मी मोजले.” एवढंच. मग गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाली, “टिटवाळ्याला असे हसले नसते.”

विहीणबाई म्हणाल्या, “छान झालं. फक्त देव तेवढा राहिला.” मी वाद घातला नाही, ताई. मी म्हटलं, “पुढच्या वेळी वाटलं तर घेऊन या.”

तुझे आभार कसे मानू ते कळत नाही. तू त्या दिवशी परत निघताना एकदाही वळून बघितलं नाहीस. काही चुकलं का? दीड तास देवाचं नाव न घेतल्याचा त्रास झाला का?

शिवराम


॥ श्री ॥
टिटवाळा,
२९ सप्टेंबर

चि. शिवराम यास अनेक आशीर्वाद.

चुकलं काही नाही. वळून बघितलं नाही, कारण डोळ्यांना पाणी होतं आणि तू लगेच त्याचं शास्त्रीय कारण सांगितलं असतंस.

हे गेल्याला नऊ वर्षं झाली. ह्या नऊ वर्षांत मी बाराएक बारशांना गेले. पाळण्याची दोरी कुणी हातात दिली नाही. कुणी वाईट बोलत नाही रे. “मावशी, तुम्ही इथे पंख्याखाली बसा,” म्हणतात. फार प्रेमानं म्हणतात. घुगऱ्या खुर्चीत आणून देतात. बारशातलं सगळं मी तुला बारकाईनं लिहिलं ना, ते पंख्याखालून बघून बघून पाठ झालेलं. आमच्या मंडळातल्या अकरा जणींपैकी दहा जणी पंख्याखालच्याच. अकरावीला नवरा आहे, पण तो असून नसल्यासारखा, म्हणून तीही आमच्यातच बसते.

तुझ्या पत्रात सर्वपित्री, ग्रहण, राहुकाळ वाचलं आणि मी गंगुबाईंना म्हटलं, चला. आपल्यानं अपशकुन होतो म्हणतात, तर तिथे आधीच इतकं अशुभ गोळा करून ठेवलंय माझ्या भावानं, आपण आणखी काय बिघडवणार? टेम्पोत सगळ्या इतक्या हसत होत्या की टेम्पोवाल्यानं विचारलं, लग्नाला चाललात का.

पाळण्याच्या एका बाजूला मी होते, दुसऱ्या बाजूला गंगुबाई. तुझ्या लक्षातही आलं नसेल. आधी ते सरकारी शिक्क्याचं वजन दिलं, मग जुई दिली. गंगुबाईंच्या हातात ती आली तेव्हा त्यांनी परत द्यायला जरा वेळ लावला. मी ‘सोडियम घ्या’ दोनदा म्हटलं, तुमची यादी चुकली म्हणून तो देवेश कपाळाला हात लावून बसला होता. यादी चुकली नव्हती.

आता कामाचं. सभासदत्वाचे अकरा फॉर्म सोबत जोडले आहेत. तुमच्या फॉर्मवर ‘आपण देव मानता का? कारणासह लिहा’ असा एक रकाना आहे. त्यावरून आमच्यात वाद झाला. मी ‘हो, आणि बदलणार नाही’ लिहिलंय, घ्यायचं तर घे. गंगुबाईंना लिहिता येत नाही, त्यांनी मला सांगितलं ते मी शब्दाला शब्द उतरवलंय, देवेशनं नाकारलं तर त्याला सांग, स्वतः टिटवाळ्याला येऊन त्यांच्याशी बोल. त्या म्हणाल्या, “लिही, मी मानते. तो मला मानतो का, ते अजून कळलेलं नाही. तोवर तुमच्यात बसते.”

तुझी,
रंभाताई